कृषिकन्यांना एक अख्खा हंगाम शेतावर द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आईने तुमच्या पेपरातल्या तालुका पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. एका गावात कृषिकन्यांचं, म्हणजे कॉलेजने शेतीच्या अनुभवासाठी गावात पाठवलेल्या कृषी पदवीच्या मुलींचं, स्वागत झालं अशी बातमी होती, पाच मुली, मधे सरपंच, मागे कॉलेजचा बॅनर. दोन वर्षांपूर्वी अशाच एका फोटोत मी उजवीकडून दुसरी उभी होते. आईने खाली लिहिलं होतं, "तुझी आठवण आली गं." मला पण आली, आणि त्या फोटोमुळेच हे पत्र लिहितेय. जरा लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी निफाड तालुक्यातली. घरी पाच एकर, सगळा कांदा. आधी दोन एकर द्राक्षबाग होती, ती २०१९ च्या दिवाळीतल्या पावसाने गेली तेव्हा बाबांनी काढून टाकली. २०२४ ला माझं बीएस्सी ॲग्री झालं आणि या एप्रिलपासून मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, १२ एकरच्या एका भाजीपाल्याच्या शेतावर इंटर्न म्हणून आहे. १२ एकर म्हणजे आपल्याकडे मोठा बागायतदार, इथे ते लहान शेत. नवरा-बायको दोघं, दोन पगारी माणसं, मी आणि अजून एक इंटर्न, एवढ्यावर चालतं. दोघांनाही नावानेच हाक मारायची असते, साठीच्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला माझी जीभ पहिले दोन आठवडे वळलीच नाही, मनात मी काका-काकूच म्हणते आणि पत्रात पण तसंच लिहिते.

अडीच महिनेच झालेत, म्हणजे आत्ता कुठे सुरुवात आहे. पण ही सुरुवात मला चार वर्षांच्या डिग्रीपेक्षा वेगळी वाटली आणि ते का, हेच सांगायचंय.

निफाडचा पारा पाचवर आला की तुम्ही कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पहिल्या पानावर छापता. इथे मी आले त्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलमध्ये, रात्री उणे तीन होतं आणि सकाळी पॉलीहाऊसच्या प्लास्टिकवर आतून पाणी गोठलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी दाखवतील, समजावतील. काकूंनी रबरी हातमोजे दिले आणि सांगितलं, हे रोपांचे ट्रे धुवायचे. तीन दिवस मी ट्रे धुतले, आधी ब्रशने माती काढायची, मग जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे, मग उन्हात लावायचे, चारशेच्या वर ट्रे होते. दुसऱ्या दिवशी रात्री मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, एवढे पैसे घालून एवढ्या लांब येऊन हे? तिसऱ्या दिवशी काकूंनी मला एक ट्रे दाखवला, मागच्या वर्षीचा, घाईत न धुता वापरलेला, त्यातल्या अर्ध्या रोपांच्या माना जमिनीलगत कुजून गेल्याचा फोटो त्यांच्याकडे होता. रोपांची मर. मी परीक्षेत यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलेलं, बुरशीच्या लॅटिन नावासकट, आणि पाचपैकी पाच मिळवलेले. ट्रे मात्र आयुष्यात कधी धुतला नव्हता.

मग एप्रिल संपता संपता कांद्याची लागण आली आणि मी म्हटलं आता आपलं राज्य. रोप हातात घेतलं तेव्हा घरची आठवण आलीच. बाकी सगळं वेगळं. आपल्याकडे वाफ्यात पाणी सोडून चिखलात रोप दाबतात, बायकांची टोळी उक्तं घेते आणि एकरभर लागण दिवसात उरकते. इथे बेडवर ठिबकच्या नळ्या, वर मल्चिंग पेपर, त्याला भोकं पाडलेली आणि एका भोकात तीन तीन रोपं. काका म्हणाले तीन कांदे एकमेकांना ढकलत बाजूला सरकतात आणि मोठे होतात, खुरपणी मात्र एका भोकाचीच करावी लागते. आमच्या शेतात असं कुणी करून बघितलेलं नाही, मी बाबांना सांगितलंय यंदा एक वाफा करून बघा.

बाबांनी फोनवर पहिलं काय विचारलं असेल तर बियाणं. इथला पिवळा कांदा नारळाएवढा होतो हे त्यांनी मोबाईलवर पाहिलेलं, म्हणे येताना पावशेर बी आण. मी काकांना विचारलं तर ते हसले नाहीत, त्यांनी कागद घेतला आणि दिवसाची लांबी मांडून दाखवली. कांद्याला गाठ कधी धरायची हे दिवस सांगतो. इथल्या जातींना १४ तासांच्या वरचा दिवस लागतो, आणि इथे २१ जूनला सव्वापंधरा तासांचा दिवस असतो, संध्याकाळी साडेआठला उजेड. आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, आणि आपला उन्हाळ कांदा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसतो. म्हणजे इथलं बी निफाडला लावलं तर नुसती पात वाढत राहील, खाली काही नाही. आणि उलट आपलं एन २-४-१ जातीचं बी इथे एप्रिलमध्ये लावलं तर रोप लहान असतानाच गाठ धरेल आणि सुपारीएवढा कांदा होऊन बसेल. हे मला कॉलेजमध्ये शिकवलेलं होतं बरं का, "शॉर्ट डे, लाँग डे" असा तक्ता होता. पण बाबांना तो कधी सांगावासा वाटला नाही कारण त्याचा आमच्या शेताशी काही संबंध आहे हेच डोक्यात आलं नव्हतं. या वेळी फोनवर अर्धा तास सांगितलं आणि बाबा शेवटी म्हणाले, "म्हणजे आपल्या आजोबांनी बी राखलं ते ह्याच मातीचं आणि ह्याच उन्हाचं." बी आणायचा विषय तिथे संपला.

अजून एक गंमत सांगते. हे खोरं एकेकाळी कांद्याचंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलंडमधून गरीब लोक इथे मजुरीला आले, हळूहळू त्यांनी जमिनी घेतल्या आणि कांदा आणि तंबाखू पिकवला, आजूबाजूच्या हॅडली, हॅटफिल्ड, संडरलँड या गावांत अजून पोलिश आडनावांच्या पाट्या दिसतात. फार पूर्वी इथे हिमनदीच्या पाण्याचं मोठं सरोवर होतं, त्याचा तळ आणि वरून नदीचा गाळ अशी ही माती आहे, मऊ, दगड नाही, आपल्या काळ्या रानासारखी भेगाळत नाही. आमच्या शेतावर एक जुनं तंबाखूचं खळं आहे, लाकडी, उंच, आणि त्याच्या भिंतीच्या उभ्या फळ्या दरवाजासारख्या उघडतात, म्हणजे हवा खेळती राहते आणि पानं वाळतात. मी पहिल्यांदा आत गेले आणि तोंडातून निघालं, अरे ही तर आपली कांदा साठवायची चाळ! तंबाखू कधीच बंद झाली, आता त्यात लसूण आणि कांदा वाळवतात. लसूण पुढच्या महिन्यात निघेल. सध्या त्याचे कोवळे दांडे काढतोय, वळलेले, हिरवे, ते इथे जुडी करून विकतात आणि मी ठेचा केला तर काकूंनी दोनदा मागून घेतला.

आणि खुरपं! मी बॅगेत लासलगावच्या बाजारातून घेतलेली दोन नवी कोरी खुरपी आणलेली, विमानतळावर रीतसर सांगून. इथे उभ्याने चालवायची लांब दांड्याची अवजारं आहेत, सायकल कोळपं पण आहे, आपल्यासारखंच, फक्त हलकं. पण गाजराच्या ओळीतलं बारीक तण त्यांना हाताने उपटावं लागायचं. मी बसून खुरपं चालवलं, काकांनी घड्याळ लावलं आणि एका बेडला किती वेळ लागला ते वहीत लिहिलं. आता दोन्ही खुरपी शेडच्या भिंतीवर टांगलेली असतात आणि मला संध्याकाळी ती शोधावी लागतात कारण दुसरंच कुणीतरी घेऊन गेलेलं असतं.

ही वही म्हणजे मला इथे सापडलेली सगळ्यात मोठी गोष्ट. शेडच्या दाराला दोरीने पेन्सिल बांधलेली एक साधी वही आहे. कोण, कुठला बेड, काय काम, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं. काढणीला किती किलो, किती जुड्या. सगळे लिहितात, काका-काकू स्वतःचे तास पण लिहितात. जानेवारीत बर्फ असताना दोघं बसून त्याचा हिशोब करतात आणि कुठलं पीक ठेवायचं, कुठलं सोडायचं ते ठरवतात. मागच्या वर्षी वाटाणा बंद केला, भाव चांगला होता, पण तोडायलाच इतके तास जात होते की हातात काही राहत नव्हतं. मी हे वाचत होते आणि मला आई दिसत होती. आमच्या कांद्याच्या खर्चात बियाणं, खत, औषध, मजुरी, ट्रॅक्टर, पिकअपचं भाडं सगळं बाबा सांगतात, बोटावर. आईचे तास त्यात कधीच नसतात. पहाटे पाचला उठून लागणीच्या बायकांचा चहा करण्यापासून चाळीत बसून सडका कांदा निवडण्यापर्यंत, कुठेच नाहीत. मी कृषी पदवीधर मुलगी, पिकाचा उत्पादन खर्च काढायचा पेपर दिलेली, मला पण ते कधी सुचलं नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणजे रावे असतो. २० क्रेडिटचा. मुलं कृषिदूत, मुली कृषिकन्या. कल्पना फार चांगली आहे, मी तिची टिंगल करायला लिहीत नाहीये. विद्यार्थ्याने गावात राहावं, शेतकऱ्याबरोबर काम करावं, शिकावं. आमचा रावे असा झाला: एका गावात काही आठवडे, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, माती नमुना कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक, जनावरांचं लसीकरण शिबीर, वृक्षारोपण, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाची बातमी. गावाचा नकाशा रांगोळीने काढला, तो मात्र मनापासून काढला. आम्हाला जोडून दिलेले शेतकरी, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, फार भला माणूस. त्यांच्याकडे आम्ही सगळ्या मिळून पाच-सहा वेळा गेलो असू. सोयाबीन पेरताना नव्हतो, ते परीक्षेच्या दिवसांत पेरलं गेलं. फवारताना एकदा होतो, फोटोपुरतं. काढणीला नव्हतो. शेवटी जर्नलवर त्यांची सही घेतली. भाऊंना त्या सगळ्यातून काय मिळालं? काहीच नाही. उलट दर वेळी आठ जणांचा चहा त्यांच्या घरून. सही करताना ते म्हणाले, "पोरींनो, एकदा काढणीला या ना, माणसं मिळत नाहीत." आम्ही हो म्हटलं आणि गेलो नाही, कारण तेव्हा सबमिशन होतं. ते "हो" मला अजून टोचतं.

आता इकडचं बघा. मी ज्या व्हिसावर आलेय, जे-१, त्यात इंटर्नसाठी एक फॉर्म भरावा लागतो, डीएस-७००२ नावाचा. त्यात शेतकऱ्याने आधीच लिहून द्यायचं की ही मुलगी कुठल्या महिन्यात काय शिकेल, कोण शिकवेल, आठवड्याला किती तास, पैसे किती, आणि ती शिकली की नाही हे कसं बघणार. त्यावर माझी सही, शेतकऱ्याची सही, मधल्या स्पॉन्सर संस्थेची सही. सुरुवातीला मला वाटलं कागदी घोडे. पण मे महिन्यात एकदा सलग बारा दिवस मी फक्त भाजी धुवायच्या शेडमध्ये होते, तेव्हा मी धीर करून काकूंना तो कागद दाखवला, यात मे महिन्यात ठिबक आणि रोपवाटिका लिहिलंय म्हटलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, सॉरी म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून काकांनी मला ठिबक जोडायला बरोबर घेतलं. कागद असला की बोलता येतं, एवढंच.

पगार मिळतो, तासाला १५ डॉलर, त्यातून खोलीचे पैसे कापतात. हे पण सांगते कारण इथे सगळं गुडीगुडी आहे असं कुणी समजू नये. या राज्यात सर्वसाधारण किमान वेतन २०२३ पासून १५ डॉलर आहे, पण शेतमजुरांसाठी कायद्यातला आकडा अजून ८ डॉलरच आहे. म्हणजे शेतात राबणाऱ्याला कमी, हे इथे पण आहे. शेजारच्या सफरचंदाच्या बागेत जमैकाहून माणसं येतात, वर्षानुवर्षं येणारी, हंगाम करून परत जाणारी. त्यातल्या एकाने मला शिडी झाडाला कशी टेकवायची ते एका मिनिटात शिकवलं, असं की आता विसरणार नाही. त्याला कुणी इंटर्न म्हणत नाही आणि मला म्हणतात, याचा विचार मी बरेच दिवस करतेय. काका-काकूंचं पण सोपं नाही, काकू हिवाळ्यात नोकरी करतात, कारण आरोग्य विम्याशिवाय या देशात राहणं अशक्य आणि तो विमा नोकरीतून मिळतो.

पण एक गोष्ट आहे जी मी रोज बघते आणि रोज घरचा विचार येतो. या शेताची बरीचशी भाजी पिकायच्या आधीच विकलेली असते. १६० कुटुंबं फेब्रुवारी-मार्चमध्ये, रानात बर्फ असताना, पूर्ण हंगामाचे पैसे भरतात आणि जूनपासून दर आठवड्याला येऊन आपला वाटा घेऊन जातात. याला इथे सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) म्हणतात. अमेरिकेत हे १९८६ ला सुरू झालं, याच मॅसॅच्युसेट्समधल्या इंडियन लाईन फार्मवर आणि त्याच वर्षी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये टेंपल-विल्टनला. जपानमध्ये त्याआधीपासून तेइकेई नावाने असंच चालायचं. बियाण्याचा, खताचा पैसा काकांना बँकेकडे किंवा दुकानदाराकडे मागावा लागत नाही. आणि नुसकान झालं तर ते वाटून घेतलं जातं. जुलै २०२३ मध्ये या नदीला पूर आला तेव्हा खालचं सगळं रान पाण्याखाली गेलं, आणि पुराचं पाणी लागलेली भाजी इथे विकता येत नाही, दिसायला चांगली असली तरी नांगरून टाकावी लागते. काका सांगतात, त्या वर्षी अर्धा हंगाम लोकांना निम्म्या पिशव्या मिळाल्या. पैसे परत मागायला कुणी आलं नाही, चिखल काढायला मात्र तीसेक जण आले.

आणि त्याच्या समोर आमचं घर. मी निघाले त्या आठवड्यात, १ एप्रिलला, कांद्यावरचं २० टक्के निर्यात शुल्क काढलं, बाबा खुश, आता भाव धरून चाळीत भरू म्हणाले. मग मे महिन्यातला तो पाऊस. तुम्ही छापलंच आहे सगळं. पाऊस इतका लवकर येईल असं कुणाला वाटलं होतं? आमचा काढून ठेवलेला कांदा रानात ताडपत्रीखाली होता, ताडपत्रीच्या खालून पाणी गेलं. आईने व्हिडिओ कॉलवर दाखवला, वरून लालभडक, हातात घेतला की बोट आत जातं. मी इकडे कोरड्या शेडमध्ये उभी होते आणि मला काही बोलता येईना. त्या कांद्याचा पैसा आधी दिलेला कुणी नव्हता. बियाण्याचं, खताचं, मजुरीचं सगळं आम्हीच घातलेलं आणि गेलं ते सगळं आमचंच गेलं. डिसेंबर २०२३ ला निर्यात बंद केली तेव्हा पण असंच. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा हे मला पटतं, पण त्याची किंमत एकट्या बाबांनी का भरायची हे मला इथे आल्यापासून जास्त कळेनासं झालंय. कांद्यासारख्या पिकाला, हजारो क्विंटलच्या लिलावाला ही आधी पैसे भरायची सीएसएची पद्धत तशीच्या तशी लागू पडणार नाही हे मला कळतं. पण नाशिक, पुण्याच्या जवळच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांना का नाही?

जमिनीचं पण थोडक्यात सांगते. आमच्याकडे हायवेलगत एकेक रान एनए (बिगरशेती) होऊन प्लॉट पडतायत. इथे १९७७ पासून सरकारची एक योजना आहे, शेतकऱ्याला प्लॉटचा भाव आणि शेतीचा भाव यातला फरक रोख देतात आणि बदल्यात त्या जमिनीवर कायमचं बंधन येतं, मालक बदलला तरी शेतीच. आमचं १२ एकर त्यातलंच आहे. काका म्हणतात ते पैसे मिळाले नसते तर ही जमीन त्यांना विकतच घेता आली नसती.

आता ज्या मुला-मुलींना असं यायचंय त्यांच्यासाठी, कारण माझे ज्युनिअर रोज मेसेज करतात. शहरातल्या एका एजंटने मला युरोपातली "फार्म इंटर्नशिप" म्हणून चार लाख सांगितले होते. बाबा कर्ज काढायला तयार झाले होते. मी कागद मागितले तर त्यात शिकवण्याचा एक शब्द नव्हता, फळं तोडायचं हंगामी काम होतं आणि ते पण शेताचं नाव न लिहिता. मी नाही म्हटलं. मग मी स्वतः शेतांना मेल टाकले, चाळीसेक, सहा जणांनी उत्तर दिलं, तिघांनी व्हिडिओ कॉल केला, एकाने घेतलं. व्हिसाचे १८५ डॉलर, सेविसची (तिकडच्या सरकारी नोंदणीची) २२० डॉलर फी, स्पॉन्सर संस्थेची फी, विमा, विमानाचं तिकीट, हे सगळं धरूनही एजंटच्या आकड्याच्या बरंच खाली बसलं. इंटर्न म्हणून यायचं तर शिकत असताना किंवा पदवी झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत यावं लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि एमपीएससीचा एक अटेम्प्ट देऊन बघू म्हणता म्हणता ते वर्ष निघून जातं. शेताचं नाव, पत्ता, मालकाचा चेहरा बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आधीच्या इंटर्नचा नंबर मागा आणि त्याच्याशी मराठीत नाही तर मोडक्या इंग्रजीत बोला, पण बोलाच. राहायची खोली व्हिडिओवर बघा, मुलींनी तर नक्कीच, दाराला आतून कडी आहे का हे विचारायला लाजू नका. आणि विमा बघा, कारण इथे गवतात गोचीड असतात, त्यातून लाईम नावाचा आजार होतो, हीच नदी समुद्राला मिळते तिथल्या गावावरून त्याला नाव पडलंय. रोज संध्याकाळी अंग तपासावं लागतं. मला मे मध्ये एक चावली, डॉक्टरकडे गेले, बरी आहे, आईला सांगितलं नव्हतं, आता पेपरातून कळेल.

पण सगळ्यांनी इकडे यावं असं माझं म्हणणं नाहीच आहे. चाळीस मेल टाकून एका मुलीला एक शेत मिळतं, बाकीच्यांचं काय? माझं म्हणणं हे आहे की मला इथे जे मिळतंय त्यातलं काहीच असं नाही जे निफाडला मिळू शकत नाही. ट्रे धुणं, लागण, वही, चाळ, काढणी, विक्री, आणि समोर एक शेतकरी जो चुकलं की सांगतो. लागतं काय तर एक अख्खा हंगाम आणि एक कागद. रावे २० क्रेडिटचाच राहू दे, पण त्यात पाच जणी मिळून पाच-सहा भेटी याऐवजी दोन जणी एका शेतावर पेरणीपासून विक्रीपर्यंत राहू देत. विद्यार्थ्याने काय शिकायचं ते शेतकऱ्याने आणि कॉलेजने आधी लिहावं. कामाचे तास वहीत लिहावेत. तासांची मजुरी मिळावी, आणि ती सगळी शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ नये, रावेचा जो स्टायपेंड असतो तो त्यात धरता येईल. आणि मार्क देताना जर्नलच्या जाडीपेक्षा शेतकऱ्याचं मत विचारावं. परीक्षेचं वेळापत्रक पेरणीच्या आडवं येतं, ते हलवावं लागेल, हे अवघड आहे हे मी जाणते, पण पाऊस काही विद्यापीठाला विचारून येत नाही.

तुम्हाला पण एक विनंती आहे संपादक साहेब, रागावू नका. कृषिकन्यांची बातमी छापू नका असं नाही, माझ्या आईने तर माझी बातमी लॅमिनेट करून ठेवलीय. फक्त बातमी आली की एक ओळ जास्त विचारा, या मुली या शेतावर किती दिवस काम करणार आहेत? ती ओळ पण छापा.

आणि आमच्यापासून सुरुवात करायला मी तयार आहे. मी डिसेंबरमध्ये परत येतेय, उन्हाळ कांद्याच्या लागणीला. बाबांशी बोलणं झालंय, आधी ते म्हणाले आपल्याकडे काय शिकणार, मग दोन दिवसांनी स्वतःच फोन करून म्हणाले येऊ दे. आमच्या पाच एकरात दोन विद्यार्थिनींना लागणीपासून चाळ भरेपर्यंत राहता येईल, जेवण आईच्या हातचं, मजुरी गावातल्या बायकांना जी मिळते तीच, आणि काय शिकवायचं त्याचा कागद मी इथे बसून मराठीत लिहायला घेतलाय, त्यात "चाळीतला कांदा निवडणे" या कामाच्या समोर शिकवणार कोण या रकान्यात आईचं नाव आहे. कुठल्या कॉलेजला दोन मुली पाठवायच्या असतील तर तुमच्या कार्यालयात कळवायला सांगा, तुम्ही मला कळवा.

आपली नम्र,
एक माजी कृषिकन्या
ता. निफाड, जि. नाशिक
(सध्या मुक्काम मॅसॅच्युसेट्स, अमेरिका)
जून २०२५